मश्रूम? अजून एकही नाही!

...नाही, पण सोपं म्हणजे किती सोपं असावं, त्याला काही मर्यादा? खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'कुणालाही जमेल!' खाली एक हसणारी बाई, हातात मश्रूमचा हा एवढा गुच्छ, आणि नखाला डाग नाही! मी म्हटलं, असं सगळेच लिहितात. शर्टाच्या कापडावर नाही लिहीत, 'आटणार नाही'? आणि मग एका धुण्यात आटतं, की आले माझ्याकडे, 'जरा काखेत सैल करून द्या.' मला वाटलं, हेही त्यातलंच, आपल्याला कुठलं जमतंय! आणि माझं नशीब बघा... जमलं! पहिल्या फटक्यात जमलं! सगळ्या जगाची रड काय, तर मश्रूम येत नाहीत. आणि मी मशीनवर डोकं टेकून रडतेय, की अहो, येतायत! थांबवा कुणीतरी!

हसा, हसा. पण आधी नीट ऐकून तर घ्या.

मी दुरुस्तीवाली. म्हणजे नवे कपडे शिवत नाही. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या जॅकेटची चेन गेली, कुणी पोट वाढवून ठेवलंय आणि वर मलाच विचारतंय, 'कापड आटलं का हो?'... अशांची मी. पुढच्या खोलीत माझं मशीन, कापायचं मोठं टेबल, इस्त्री आणि खिडकीत पाटी. मागे स्वयंपाकघर. वर दोन खोल्या, त्यातली एक मुलाची आणि सुनेची. होती. आता तिथे कुणी नाही. सून गेली, आणि तिच्यामागोमाग मुलानेही दुसऱ्या गावची नोकरी धरली.

घटस्फोट. का झाला ते मला विचारू नका, कारण मलाच कुणी सांगितलेलं नाही! मुलाला विचारलं, तर म्हणे, 'आई, आमचं पटत नाही.' म्हटलं, 'कशावरून?' म्हणे, 'कशावरून असं काही नाही गं.' असं काही नाही! अहो, एका घरात राहून मला एक वर चढलेला आवाज ऐकू आला नाही. भांडले असते तर मी मध्ये पडले असते, सोडवलं असतं, निदान कुणाची तरी बाजू घेतली असती! हे दोघं वकिलाकडे गेले तेसुद्धा एका छत्रीतून!

बरं, त्यांचं तुटलं. शहाणी माणसं आहेत, त्यांचं ते बघून घेतील. पण मला एक सांगा, त्या कागदावर सह्या कुणाच्या? त्याची आणि तिची. माझी सही आहे का कुठे? मला विचारलं का कुणी, 'बाई, तुम्हाला तुमच्या सुनेपासून वेगळं व्हायचंय का?' नाही ना? मग सासू-सुनेचा घटस्फोट कुणी केला? कधी केला? कुठल्या कोर्टात केला? मला तारीख तरी कळवायची!

तुम्हाला सांगते, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. अजूनही करते. संध्याकाळी घरी आली की कपडेसुद्धा न बदलता माझ्या कापायच्या टेबलावर चढून बसायची, पाय हलवत, आणि माझ्यासमोरची उसवायची पँट ओढून घ्यायची. हाताने टाके उसवायची आणि तोंडाने लॅब सांगायची. कोण सहा फुटी पैलवान सुई बघून आडवा झाला, कोण बाई 'थोडंसंच काढा हं, मला पुरत नाही' म्हणाली... मी मशीन थांबवून हसायचे. गिऱ्हाईक दारात उभं, आणि आम्ही दोघी डोळे पुसतोय! आता काय आहे, मशीन चालू असलं की त्या आवाजात काही वाटत नाही. बंद केलं की मात्र घर खायला उठतं. म्हणून मी बंदच करत नाही. लोकांच्या पँटींना डबल शिलाई मारून देते, न सांगता.

आणि मुलाने काय बजावलं मला? 'आई, तिला सारखा फोन करत बसू नकोस हं. तिला अवघडल्यासारखं होतं.' हे, म्हणजे आमचे हे, ते तर आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरलेले, उगीच कुणाची बेल वाजवायची नाही हा यांचा धर्म. हे म्हणाले, 'कारण असेल तर कर.' कारण! स्वतःच्या सुनेला फोन करायला मी कारण कुठून आणू? शिवायला टाकू?

आणि मग ते खोकं आलं.

तिच्या नावाने आलं हो! जायच्या आधी कधीतरी मागवलेलं, पत्ता आमचाच. मी दारातूनच फोन लावला. 'अगं, तुझं पार्सल आलंय!' 'कसलं हो, आई?' म्हटलं, 'वर मश्रूमचं चित्र आहे.' 'अय्या! घरी मश्रूम उगवायचं ते! विसरूनच गेले होते मी. आई, तुम्हीच करा ना. सोपं असतं. आणि काही अडलं तर मला विचारा.'

काही अडलं तर मला विचारा! ऐकलंत? मिळालं की नाही कारण?

खोकं उघडलं. आत काय, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भुशाची एक वीट, तिच्यावर सगळीकडून पांढरी बुरशी. माझ्या स्वयंपाकघरात असलं काही सापडलं असतं तर मी भांड्यासकट फेकलं असतं. इथे म्हणे ती बुरशीच मुख्य, तीच मश्रूम धरणार! पिशवीला समोरून फुलीसारखी चीर द्यायची, उन्हात ठेवायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं, बस्स. आता चीर द्यायला मला शिकवणार? आणि फवारा? इस्त्रीचा आहेच! पिशवी ठेवली बाथरूममध्ये, खिडकीखालच्या स्टुलावर, आणि रोज संध्याकाळी तिला फोन.

'आई, आलं का काही?' 'काही नाही गं, अजून एकही नाही.' तेव्हा खरंच नव्हतं हो! तेव्हा मी खरं बोलत होते! मग ती विचारायची, फवारता किती, वारा लागतो का, हात धुऊन हात लावता ना... लॅबमधलं माणूस! आणि त्यावरून गाडी घसरायची. तिच्या नव्या घरातल्या नळाला पाणी बेताचं येतं, तिची पाठ दुखते, लॅबमध्ये नवी साहेबीण आलीय ती सुई टोचताना स्वतःच डोळे मिटते... मी हसले हो फोनवर. कितीतरी दिवसांनी हसले. हे जेवणाच्या टेबलावरून बघतच राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या चिरेतून टाचणीच्या डोक्याएवढे, करडे करडे, खच्चून भरलेले... आले! मी ओल्या हाताने फोनकडे धावले. नंबर लावला. आणि तेवढ्यात मनात आलं, की थांब बाई. काय सांगणार आहेस? 'मश्रूम आले हो.' ती काय म्हणणार? 'अरे वा! मस्त!' आणि? आणि काय? संपलं! मग उद्या कशाचा फोन? परवा कशाचा?

तिने उचलला होता तोवर. 'आई? काय झालं एवढ्या सकाळी?'

म्हटलं, 'काही नाही गं... अजून एकही नाही.'

बोलून गेले. जिभेवर आलं आणि गेलं. ती म्हणाली, 'अहो आई, आवाज कसा झालाय तुमचा! येतील हो. मी वाचून बघते काहीतरी आणि संध्याकाळी फोन करते.' मी करते म्हणाली! ती! स्वतःहून! आता तुम्हीच सांगा, कुणाला सुटेल असली चटक?

आणि इकडे मश्रूम? येतायत आपले!

तुम्ही कधी मश्रूम वाढताना बघितलाय का? बघू नका. सकाळी बोटाएवढा, संध्याकाळी तळहाताएवढा. मी मापाची टेप लावून बघितली, मला वाटलं माझ्या डोळ्यांना भास होतोय. हे रोज सकाळी बॅटरी घेऊन पिशवीपुढे वाकायचे आणि मीटर वाचल्यासारखे सांगायचे, 'वाढ आहे.' म्हटलं, 'हळू बोला!' मी ते कापले. कापले तर थोड्याच दिवसांत पुन्हा आले, आणि मागच्या बाजूने, जिथे मी चीरसुद्धा दिलेली नाही तिथून, प्लॅस्टिकला भोक पाडून आले. एवढी जगायची हौस कशाला असावी एखाद्याला?

मग काय, सूप केलं. कांद्याबरोबर परतले. ऑम्लेटात घातले. यांनी आधी नाक मुरडलं, मग बशी पुढे केली, आणि एक दिवस खाता खाता म्हणाले, 'छान झालेत. तिला सांग.' आणि मग लक्षात आलं त्यांच्या. बशीत बघत राहिले. म्हटलं, 'खा मुकाट्याने.'

दोघं खाऊन खाऊन किती खाणार? शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना दिले. गिऱ्हाइकांना द्यायला लागले. पँट आखूड करायला आला, मश्रूम घेऊन गेला. एक गृहस्थ घडी करून दिलेली पँट घेऊन गेले आणि परत आले, म्हणे, 'बाई, खिशात काहीतरी ओलं आहे.' म्हटलं, 'ते तुमचंच. राहू द्या.' आणि त्या काळ्या कोटाचं काय झालं ते तर सांगूच नका... बरं, सांगते. पिशवी एक दिवस पुढच्या खोलीत आणून ठेवली होती, कापायला वेळ झाला नाही, आणि मोठे झालेले मश्रूम पांढरी भुकटी टाकतात हे मला काय ठाऊक? शेजारी एका वकिलांचा काळा कोट टांगलेला. दोन्ही खांद्यांवर पांढरी भुकटी! ते आले, कोट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'हा कोंडा माझा नाही.' मी म्हटलं, 'माझाही नाही हो, मश्रूमचा आहे.' त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. केस आधीच कमी होते त्यांचे. कोट उचलून तरातरा गेले, ते अजून गेलेलेच आहेत.

आणि संध्याकाळी फोनवर? 'काही नाही गं, अजून एकही नाही.'

त्यात यांचा आवाज! मी आपली सुस्कारे सोडत बोलतेय, आणि हे बाथरूममधून ओरडतायत, 'अगं ए, मागूनही आलेत! भरपूर आलेत!' ती म्हणते, 'आई, कोण आलेत?' म्हटलं, 'पाहुणे.' 'मागून?' म्हटलं, 'हो, पुढच्या दाराला रंग दिलाय.' 'मग तुम्ही बसा त्यांच्याजवळ. ठेवते मी.' ठेवला हो फोन! त्या दिवशीचा अख्खा फोन मश्रूमनी खाल्ला माझा!

बरं, नुसतं 'नाही, नाही' किती दिवस चालणार? ती हुशार. विचारायची, 'आई, रंग कसा आहे विटेचा?' काहीतरी सांगायला हवं, म्हणून म्हटलं, 'जरा हिरवट वाटतो.' अगं बाई! ती किंचाळलीच. 'हिरवा? आई, हिरवा म्हणजे वाईट बुरशी. ताबडतोब पिशवी बांधून घराबाहेर टाका, आणि संपलं ते, सोडून द्या आता.' सोडून द्या? म्हटलं, 'नाही नाही, थांब, चष्मा लावते... अगं, हिरवी चादर वाळत होती, तिची छाया पडली. पांढरी आहे. पांढरीशुभ्र आहे!' बरी केली मी वीट, दोन मिनिटांत. कुठल्या डॉक्टरला जमणार नाही.

मग ती म्हणाली, 'फोटो पाठवा.'

आता आली का पंचाईत? मी सगळे मश्रूम कापले, मुळापासून खरडले, आणि फोटो काढला. तिचा लगेच फोन. 'आई, कडेला ते पांढरं पांढरं काय दिसतंय?' म्हटलं, 'टेप. मापाची टेप पडलीय.' 'तुमची टेप तर पिवळी होती ना?' बघा! माझी टेप कुठल्या रंगाची ते तिच्या लक्षात आहे. माझ्या मुलाला विचारा, त्याला माझ्याकडे टेप आहे हेही आठवणार नाही. अभिमान वाटला हो मला, आणि धडकीही भरली. म्हटलं, 'नवी आणली.'

तेव्हा ठरवलं, की आता फोटोसाठी एक मेलेलंच खोकं पाहिजे. दुसरं आणलं. मारायला! हो, मुद्दाम मारायला. चीर दिली आणि पाण्याचा थेंब दाखवला नाही. ठेवलं कुठे, तर इस्त्रीच्या टेबलाला चिकटून. म्हटलं, दिवसभर इस्त्री तापलेली असते, कोरडं ठणठणीत होऊन जाईल. आता माझी इस्त्री कसली? वाफेची! दिवसभर पँटींना वाफ देतेय मी, फुस्स, फुस्स, आणि ती सगळी वाफ जातेय कुठे? हे कुणी सांगायचं मला? बाथरूममधलं बरं म्हणायची पाळी आली हो. इथे तर इस्त्रीच्या टेबलाखालून मश्रूमची छत्री बाहेर! एक बाई ट्रायल द्यायला आल्या, त्यांनी त्यावर पर्स टांगली!

मी खाली बसले त्या पिशवीसमोर, आणि अक्षरशः हात जोडले. म्हटलं, बाबांनो, तुम्हाला कुणी बोलावलंय? मला तुम्ही नकोयत. मला तुमची नुसती वाट बघायचीय. तेवढं करू द्या ना!

आणि मश्रूम? येतायत आपले!

पण तुम्हाला एक सांगते. तिचा चांगुलपणा मला जास्त लागला. तिने काय केलं माहितीये? त्या कंपनीला फोन करून भांडली. माझ्यासाठी! म्हणाली, 'एका वयस्कर बाईंना तुम्ही मेलेला माल पाठवता? रोज वाट बघतात त्या!' त्या बिचाऱ्यांनी माफी मागितली आणि बदली खोकं पाठवलं. तिसरं! दारात माणूस उभा, म्हणे, 'क्षमा करा, तुम्हाला त्रास झाला.' आणि माझ्या मागे, दारातून दिसेल असा, सुपाएवढा गुच्छ! मी दार अर्धं लावून सही केली. लाज वाटली हो मला. खरंच लाज वाटली. त्या दिवशी ठरवलं, आज सांगून टाकायचं. फोन आला, तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, 'आज काय म्हणतेय आपली वीट?' आपली! आपली वीट म्हणाली ती! कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?

'काही नाही गं, अजून एकही नाही.'

मात्र एक गोष्ट मला जाणवायला लागली होती. फोन यायचे, पण त्यातलं 'आई' कमी व्हायला लागलं. आधी कसं, 'अहो आई', 'हो ना आई', 'आई, ऐका तर', वाक्यागणिक आई. मग एकदाच, फोन उचलल्यावर. मग 'हं, बोला.' मग 'ऐकताय ना?' रागाने नाही हो. प्रेमानेच बोलायची. कोटाचं अस्तर काढून घेतलं तर बाहेरून काही कळत नाही, घालणाऱ्यालाच तेवढा गारठा लागतो, तसं. मला वाटलं, दमत असेल लॅबमध्ये. सारखं सारखं आई आई कोण म्हणतं? माझा मुलगा तरी कुठे म्हणतो?

आणि एक दिवस ती म्हणाली, 'हे काही फोनवर होणार नाही. या रविवारी मीच येते आणि बघते.'

येते! घरी येते! तुम्हाला सांगते, मला काही सुचेना. फोन ठेवला आणि यांना म्हटलं, 'ती येतेय.' हे उठून दाढी करायला गेले. शुक्रवार होता!

शनिवारी आम्ही घर धुऊन काढलं आणि मश्रूम लपवले. दोन पिशव्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचवायच्या ठरल्या. यांनी त्या ओव्हरकोटच्या आत धरल्या आणि असे चालत गेले, की रस्त्यावरचा माणूस विचारतोय, 'पोट बिघडलंय का?' एकच पिशवी ठेवली, सगळ्यात दुबळी, तिला खरडून खरडून टक्कल केलं. वरची खोली झाडली. का झाडली, कुणास ठाऊक, ती काही राहायला येत नव्हती. आणि कापायच्या टेबलावरचा सगळा पसारा काढला, तिला बसता येईल एवढी जागा केली, आणि एक कोट ठेवला उसवायचा. तो आधीच उसवून झाला होता माझा. मी त्याला परत टाके घातले. म्हटलं, बोलता बोलता हाताला काहीतरी लागतं तिला.

रविवार उजाडला. हे खिडकीत. मी मशीन बंद करून बसलेली. आणि फोन वाजला.

'अहो, आज नाही हो जमणार. जरा घर बघायला जायचंय... आलं का काही?' मी म्हणणार, 'काही नाही गं...', तेवढ्यात तिकडून मागून एका पुरुषाचा आवाज, 'कोण आहे गं?' तिने फोनवर हात ठेवला. आता, फोनवर हात ठेवला की आपल्याला वाटतं समोरच्याला ऐकू जात नाही. जातं हो! सगळं जातं! ती म्हणाली, 'अरे, त्या... मश्रूमवाल्या काकू.'

काकू.

अहो, काकू तर मला चेन बदलायला येणारा कुणीही म्हणतो! बसवाला म्हणतो! जाता जाता पत्ता विचारणारा म्हणतो! आणि 'मश्रूमवाल्या'! म्हणजे माझी ओळख काय, तर मश्रूमवाली, आणि तीही जिला जन्मात एक मश्रूम आला नाही ती! तो म्हणाला, 'अजून नाही आले? मग असे किती दिवस फोन करणार तू?' ती म्हणाली, 'हळू बोल ना. बिचाऱ्यांना दुसरं कोण आहे? "नाही" म्हणताना आवाज एवढासा होतो रे त्यांचा.'

मग तिने हात काढला. 'हं, बोला, काय म्हणत होता?'

काय म्हणत होते मी? तुम्ही असता तर काय म्हणाला असता? समोर टेबल रिकामं, त्यावर तो कोट, माझ्याच हाताने परत शिवलेला. म्हटलं, बास झालं. पोरगी किती दिवस माझी वीट सांभाळणार?

म्हटलं, 'अगं, तेच सांगत होते. आले.'

'काय?'

'मश्रूम. आलेत. खूप आलेत.'

ती अशी ओरडली हो! माझ्या कानात दडे बसले. 'अरे, आले! ऐकलंस का? काकूंचे आले!' आणि त्याने फोनच घेतला तिच्या हातातून. 'अभिनंदन, काकू! अहो, हिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आता सुटली ती!' आवाज चांगला आहे त्या मुलाचा. मनमोकळा आहे. मला राग यायला पाहिजे होता त्याचा, तो आलाच नाही. बघा, जे यायला पाहिजे ते येत नाही माझ्याकडे!

मग ती आली फोनवर. रडत होती की हसत होती, कळेना. म्हणाली, 'खरं सांगू? मला केव्हापासून तुम्हाला एक सांगायचं होतं. पण तुमचं एकही येत नव्हतं, म्हटलं आधीच एवढ्या खट्टू झाल्यात, त्यात आणखी कशाला. आता सांगते. आम्ही लग्न करतोय.'

म्हणजे माझे मश्रूम यायची वाट बघत होती हो पोरगी! मी तिला धरून ठेवलं आणि तिला वाटलं ती मला सांभाळतेय. मी म्हटलं, 'छान झालं गं. खरंच छान झालं. पाठीची काळजी घे. आणि नळाचं काय ते आता त्याच्याकडून करून घे.' ती बरंच काही बोलली, किती लळा लावलात, किती आठवण येते... मी सगळं ऐकत होते, पण कान एकाच शब्दाकडे. नाही आला. अख्ख्या फोनमध्ये एकही 'आई' नाही. शेवटी म्हणाली, 'मग आता काही अडचण नाही ना तुम्हाला?'

म्हटलं, 'नाही गं. आता काय अडचण!'

ठेवला फोन. हे खिडकीतून वळले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. 'कोण होतं गं? पुरुषाचा आवाज आला.'

काय सांगू? म्हटलं, 'आपल्या सुनेचा नवरा.'

अहो, यांचा चेहरा असा उजळला! 'म्हणजे आपला मुलगा? परत गेला तिच्याकडे?'

म्हटलं, 'नाही हो... दुसरा.'

मग मी टेबलावरचा तो कोट घडी करून ठेवला. मशीनसुद्धा चालू केलं नाही. शेवटी तेच म्हणाले, 'जेवायला काय आहे?'

काय असणार?... मश्रूम!